उष्टी दृष्टी

आमच्या आतोबांइतका बेजबाबदार म्हातारा अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात सापडणार नाही, हे मी जाहीरपणे लिहितो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दवाखान्यातली कंपाउंडरची नोकरी संपवून श्रीवर्धनला परतले, ते डॉक्टरांनी टाकून दिलेलं एक पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन. आणि सुपारीच्या वाडीतल्या पडवीत त्यांनी पन्नाशी उलटलेल्यांचं शास्त्रजिज्ञासा मंडळ काढलं. मिठासाठी माणसं लाठ्या खातायत, आम्ही रात्र रात्र पत्रकं छापतोय, आणि इथे पिकलेली डोकी डासाच्या पायाला केस असतात की नाही यावर हातघाईवर आलेली! प्रत्येकाने एक शंका आणायची. शंका नाही, तर कोकमाचं सरबत नाही. एकदा आत्याला शंका सुचली नाही, तर तिनेच केलेलं सरबत तिला मिळालं नाही! मलाही सभासद करून घ्या म्हटलं, तर म्हणाले, "तू नको. तुझ्याकडे सगळी उत्तरंच आहेत."

सगळ्यात भयंकर गोष्ट पुढेच. या अध्यक्षांना स्वतःला यंत्रातलं काही दिसत नाही! मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत एक डोळा गेला, दुसऱ्यात धुकं. बाकीच्यांनी बघायचं, मोठ्याने सांगायचं, आणि यांनी डोळे मिटून ऐकायचं. "दोघांचं जुळलं नाही, की मला नीट दिसतं," म्हणतात. म्हणजे मंडळ मोडलं, तर आतोबांचं जग बंद.

आणि ते एका रविवारी मोडायलाच आलं. मंडळात नव्यानेच आलेल्या, कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या नाखवांनी घोळ माशाचा खवला आणला होता. "ही घोल किती वरसांची, कशी वलखाची?" ही त्यांची शंका. झाडाच्या खोडासारखी खवल्यालाही वलयं असतात, असं आतोबांनी कुठल्याशा मासिकातून वाचून घेतलं होतं. नाखवांनी यंत्राला डोळा लावला आणि "गो बाय!" म्हणून ओरडले. पुढची पाळी गावच्या भटजींची. भटजी उठले, आणि चपला शोधू लागले. "यंत्र उष्टं झालं. मी निघतो."

मी पडवीच्या पायरीवर बसलो होतो; मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. डोळा लावल्याने भिंग उष्टं! पत्रकाचा मथळा माझ्या डोक्यात तिथल्या तिथे छापून झाला. "जाऊ द्या त्यांना!" मी ओरडलो. आणि आतोबा? त्यांनी खुशीत मांडीवर थाप मारली. "भटजी, काय शंका काढलीत! दृष्टी उष्टी होते का?" अन्यायाला शंका म्हणणारा माणूस मी जन्मात प्रथम पाहिला. "पहाटे नाखवा होडीतून सूर्य बघतात, मग तुम्ही त्याला अर्घ्य देता. उष्ट्या सूर्याला?"

भटजी एका पायात चप्पल घालून विचार करू लागले. "सूर्य लांब आहे हो. इथे पापणी टेकते."

"मग न टेकवता बघा."

आणि भटजी खरोखर चार बोटं लांबून, जानवं सावरीत, एका डोळ्याने माशाचा खवला बघू लागले! मला घेरी यायची बाकी होती.

"नुसतं धुकं."

"डोला जवल न्या, भटजी. घोल काय चावाची न्हाय तुमाला."

"तुम्ही गप्प बसा हो!" दोन बोटं. एक बोट. शेवटी भटजींनी इकडेतिकडे पाहिलं, "घरी जाऊन आंघोळ करीन," असं पुटपुटले, आणि डोळा टेकवला. तो मग निघेचना. "वलयं आहेत! पाच!"

"सा हायेत. शेवटचा बारीक हाय, धड बगा."

"पाच म्हणतो ना!" पुन्हा नाखवा, पुन्हा भटजी, कोण कुणाचं उष्टं बघतोय याचा पत्ता राहिला नाही. मधे आतोबा डोळे मिटून, चेहरा उन्हात धरल्यासारखा वर करून बसलेले. असल्या प्रकारावर पत्रक काढायचं तरी कसं? मथळाच बसेना.

परवा म्हसळ्याच्या सभेहून परतताना डोकावलो. आता दुसरा डोळाही विझलाय. माझा दंड धरून ते किनाऱ्यापर्यंत आले. "पाणी कसं आहे रे आज?"

"निळं."

"कसलं निळं?"

सांगायला मी तोंड उघडलं, आणि मला आधी बघावं लागलं.