जगनच्या दारातली गाडी

पनवेलजवळच्या विचुंब्यात कुणाला गाडी घ्यायची झाली की शोरूमच्या आधी त्याचे पाय जगन घरताच्या ओटीकडे वळत. जगननं मान डोलावली तर गाडी यायची, नाक मुरडलं तर आठवड्याभरात बेत बदलायचा. गावात नव्या बिल्डिंगी उठल्या, त्यांत शिकलीसवरली माणसं राहायला आली. तीसुद्धा नाक्यावर दूध घ्यायला आली की हळूच विचारायची, "काका, ही कंपनी कशी आहे हो?" मग काका सुरू व्हायचे आणि दूध नासायची वेळ यायची.

तरुणपणी जगननं पनवेल स्टँडावरून उरणच्या बाजूला काळीपिवळी जीप हाकली होती. आत माणसं कोंबलेली, टपावर आणखी दोघं, आणि जगन निम्मा दाराबाहेर लटकून स्टिअरिंग धरलेला. पुढं जमिनी गेल्या, कौलांच्या जागी स्लॅब आले, जीप भंगारात गेली. चालवणं सुटलं, बोलणं तेवढं राहिलं. गाडीचा रंग, आतला टीव्हीसारखा पडदा, छताला काच असल्या गोष्टी कुणी काढल्या की त्याचं डोकं फिरायचं. "गाडी बघतोस का नवरी बघतोस?" असं तो तोंडावर विचारायचा. त्याच्या लेखी गाडीचे गुण दोनच. ती तेल कमी प्यायली पाहिजे आणि वाटेत बंद पडली नाही पाहिजे.

आणि एक नियम तो प्रत्येकाला बजावायचा. नवी गाडी पहिली कार्ल्याला, आई एकवीरेला. त्याआधी तिच्यात दुखणाईत बसवायचा नाही, इस्पितळाचं दार दाखवायचं नाही. गाडी आईला नेण्याची रीत आगऱ्यांच्या घराघरांत आहे, हार घातलेल्या नव्या गाड्या घाट चढताना कुणीही बघावं. पण पुढचं शेपूट जगननं स्वतः जोडलेलं. त्याची जीप नवीकोरी आली त्याच संध्याकाळी शेजारच्या पाड्यातल्या एकाला साप चावला आणि जगन त्याला घेऊन पनवेलला सुटला. त्यानंतर त्या जीपचं काही धड झालं नाही. कधी एक्सल तुटला, कधी ब्रेक गेला, एकदा तर ती माणसांसकट खाडीच्या बांधावरून खाली गेली. जगनच्या मनानं घेतलं की पहिल्या दिवशी इस्पितळ दाखवलं तिथंच सगळं बिघडलं. साप चावलेला तो माणूस वाचला आणि नातवंडं खेळवून मेला, हे मात्र जगन सांगताना विसरायचा. आईनं असा नियम कुणालाच घातला नव्हता. घातला होता जगननं, आणि गाव तो पाळत होतं.

त्याची बायको भामा उरणकडच्या मिठागरावर वाढलेली. अंगानं काटक, जिभेनं त्याहून. गेल्या दिवाळीनंतर तिच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर, आणि डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. आठवड्यातून तीनदा पनवेलला डायलिसिस सुरू झालं. न्यायला गल्लीतला शैलेश रिक्षावाला. भला पोरगा, हाक मारली की येई. पण रिक्षा ती रिक्षाच. डाव्या हाताला सुया टोचायच्या म्हणून तो हात जपायचा, उजव्या हातानं दांडी धरायची, आणि खड्डा आला की भामा डोळे मिटून घ्यायची. जाताना ठीक होतं. येताना अंगातलं सगळं त्राण गेलेलं असे, आणि दांडी धरायलाही जोर नसे.

मुलगा हरेश बंदराकडच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला. त्याच्याकडे मोटरसायकल तेवढी. तोच पहिल्यांदा म्हणाला, "बाबा, आयेचे हाल बघवत नाय. गाडी घेऊया."

"घेऊया की. पन दहा ठिकानी बघून घेऊ," जगन म्हणाला.

हरेशनं एका रविवारी भामालाच शोरूममध्ये नेलं. लहान मोटारीत ती बसली, पण सीट इतकं खाली की उठताना दोघांनी धरावं लागलं. उंच जीपगाडीत तिचा पायच वर चढेना. मग दाखवली ती हल्ली सगळे घेतात तसली, धड मोटार नाही नि धड जीप नाही अशी मधली. भामा पाठमोरी झाली आणि नुसती टेकली. वाकायला नको, चढायला नको.

"ही बरी," ती म्हणाली. "बसली नि झालं."

तिथंच विषय संपायला हवा होता. ज्या माणसासाठी गाडी घ्यायची त्या माणसानं एका मिनिटात गाडी निवडली होती. पण असल्या मधल्या गाड्या सगळ्याच कंपन्या काढतात, आणि बायकोनं बुडानं केलेली पारख ग्राह्य धरील तर तो जगन कसला!

वाद दोन कंपन्यांत होता. जगन मंदार कंपनीचा भक्त, हरेशला कोरिना हवी. सकाळी चहाला हाच विषय, रात्री जेवताना हाच विषय. हरेशची बायको निशा भाकरी वाढता वाढता दोघांच्या मधून हात घालायची.

"मंदारचा पत्रा बघा बाबा. बोटानं दाबला तं आत जातंय. आयेला घेऊन हायवेनं जायचं हाय."

"पत्रा काय चाटायचा हाय? मंदारचं इंजिन म्हातारं व्हयाचं नाय. पार्ट पाहिजे तं पनवेलात कुठंपन मिलतंय. तुजी कोरिना बंद पडली तं गॅरेजवाला बोलनार, माल भायेरून येतंय, थांबा. तवर तुजी आये काय डांबरावर बसंल?"

"तुमी पाच वर्सांपूर्वीची गोष्ट सांगता. आता तसं नाय ऱ्हायलं."

"मी गाडी चालवली हाय. तू मोबाइलवर बघली हाय."

मंदारवर थोडं एकमत होतंय असं वाटलं, तेवढ्यात जगननं सीएनजीचं काढलं. ॲव्हरेज हवा तर गॅस हवा. हरेश म्हणाला, गॅसची टाकी डिकीत बसली तर आयेची चाकांची खुर्ची कुठं ठेवणार? जगन म्हणाला, टपावर बांधू. आतल्या खोलीतून भामाचा आवाज आला, "मना पन टपावरच बांधा!" सगळे हसले. तीही हसली आणि मग तिला बराच वेळ खोकला येत राहिला.

हिवाळा असा गेला, शिमगा गेला. जगन रोज कुणाला तरी फोन लावी, कोरिनावाल्यांच्या तक्रारी गोळा करी, हरेश मंदारवाल्यांच्या. जगनला मनापासून वाटत होतं की तो हे बायकोसाठी करतोय. वाटण्यात खोट नव्हती. पण त्याच्या पोटात दुसरीही भीती होती. अख्ख्या गावाला गाड्या निवडून देणारा जगन स्वतःच्या दारात चुकीची गाडी आणून बसला, असं कुणी म्हणू नये. भामा मात्र वारी चुकू न देता रिक्षातून जात होती. चेहरा काळवंडत चालला होता, मनगटं काडी झाली होती.

शेवटी मंदारचीच ठरली. पेट्रोलची, इंजिनाला बॅटरीचा हातभार लागणारी. ॲव्हरेज राहिला, डिकीही मोकळी राहिली. बापलेकांनी एकमेकांना टाळी दिली. वैशाखात गाडी दारात आली. निशानं ओवाळली, चाकाखाली लिंबं ठेवली, हरेशनं नारळ फोडला. भामा ओटीवरून धरत धरत उतरली आणि बॉनेटवरून हात फिरवत राहिली.

"मी बसू?" तिनं विचारलं.

"आईला जाऊन आलो का बस," जगन म्हणाला. "पहिली तुलाच पुढं बसवनार."

भामानं हात काढून घेतला. "बरं," ती म्हणाली. "पन मना सोडून जाव नका. मी पायऱ्या नाय चढनार, पायथ्याशी बसून हात जोडीन."

तिला सोडून कोण जाणार होतं? म्हणून तिच्या सवडीनं दिवस धरायचा ठरला. डायलिसिसच्या दिवशी जमणार नाही, दुसऱ्या दिवशी तिच्यात उभं राहायचं बळ नाही. मधला दिवस धरावा तर हरेशला सुट्टी नाही. एकदा सगळं जुळून आलं, निशानं डबेसुद्धा भरले, आणि पहाटेच भामाला उलट्या सुरू झाल्या. पुढचा दिवस धरला तर भावकीत एक म्हातारा गेला आणि घराला सुतक लागलं. सुतकात देवीला जायचं कसं?

गाडी दारात उभी राहिली. जगन रोज सकाळी तिच्यावरचं कापड काढायचा, पुसायचा, इंजिन सुरू करून कान देऊन ऐकायचा आणि पुन्हा कापड घालायचा. आठवड्यातून तीनदा शैलेशची रिक्षा त्या गाडीला वळसा घालून ओटीशी लागायची आणि भामा तिच्यात चढायची.

हरेशचा एक दिवस बांध फुटला. "बाबा, ही गाडी कनासाठी घेतली? आई काय बोलनार हाय, लेकराला इस्पितलात नेलं म्हनून?"

"तुला माजी जीप म्हायती नाय."

"जीप मेली तुमची! आये जित्ती हाय!"

जगनचा हात उठला. भामा मधे पडली. "ऱ्हाव दे रे हरेश. चार दिवसांचा प्रश्न हाय. उगाच तुज्या बापाच्या मनाला लागंल." आयुष्यभर तिनं नवऱ्याला शब्दांनी सोलून काढलं होतं, पण जीपचा विषय निघाला की ती गप्प बसायची. जीप बांधावरून गेली त्या दिवशी तो कसा थरथरत घरी आला होता हे तिनं पाहिलं होतं.

सुतक फिटायला एक दिवस उरला होता. त्या सकाळी उकाडा असा की भिंती तापलेल्या. भामाला पाणी मोजून द्यायचं असे, पण तहान सोसेना म्हणून तिनं बहुतेक कुणी नसताना माठ गाठला असावा. न्याहारीच्या वेळेला तिला दम लागला. आडवं होता येईना, बसवेना. छातीत घरघर वाजू लागली, ओठ निळे पडले.

हरेश चावी घेऊन धावला. गाडीवरचं कापड त्यानं ओढून फेकलं. मागचं दार उघडलं.

"थांब," जगन म्हणाला. "शैलेशला फोन लाव."

"बाबा!"

"उद्या सुतक फिटतंय. परवा आपन आईला जातो. एक दिवसासाठी सगल्यावर पानी नको फिरवूस. तिलाच ही गाडी जन्मभर पाहिजे ना? शैलेश इथंच असंल, दोन मिनटांत येल."

निशा रडत म्हणाली, "मामंजी, दोन मिनिटंसुद्धा नाहीत हो." जगननं तिच्याकडे पाहिलं नाही. तो गाडीच्या उघड्या दारात आडवा उभा राहिला होता, आणि त्याचा चेहरा रागाचा नव्हता, घाबरलेल्या माणसाचा होता. भामा ओटीच्या खांबाला धरून दोघांकडे बघत होती. तिला बोलता येत नव्हतं. हरेशनं बापाला ढकललं असतं तर? तो पुढं झालाही. पण म्हाताऱ्याच्या अंगाला हात लावायचं त्याच्याच्यानं झालं नाही. त्यानं फोन लावला.

शैलेश गॅस भरायला पंपावर रांगेत होता. पुढंमागं गाड्या, निघता येईना. तो ओरडत, हॉर्न वाजवत कसाबसा बाहेर पडला. रिक्षा दारात लागली तेव्हा हरेशनं आईला उचलून आत ठेवलं, जगन तिच्या बाजूला बसला. शैलेशनं जिवाचं रान केलं, पण खांदा कॉलनीच्या अलीकडे रस्ता तुंबला होता. भामाचं डोकं जगनच्या खांद्यावर होतं. तो सारखा म्हणत होता, "आलं बघ, भामे, आलं." एका खड्ड्याला तिचा उजवा हात दांडीवरून सुटून खाली पडला. जगननं तो उचलून परत दांडीवर ठेवला. तो परत पडला.

इस्पितळात तिला आत नेलं आणि थोड्याच वेळात एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तिला काही सांगावं लागलं नाही. मोटरसायकलवरून मागं आलेला हरेश भिंतीला टेकून उभा होता, तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"फुफ्फुसात पाणी भरलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. उशीर कशानं झाला?"

"रिक्षा मिळत नव्हती," हरेश म्हणाला.

"घरी गाडी नाही का?"

हरेशनं बापाकडे पाहिलं.

"हाय," जगन म्हणाला. "नवी हाय."

डॉक्टरणीला समजेना. तिनं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "मग? सुरू होत नव्हती का?"

जगननं नकारार्थी मान हलवली.

"व्हत व्हती, बाय," तो म्हणाला. "बंद पडनारी नाय ती."

मग तो तिथंच फरशीवर बसला आणि तोंड उघडून लहान मुलासारखा रडायला लागला. हरेश त्याला उठवायला आला नाही.