तहकूबची सभा

दर रविवारी कापड्याहून एसटीने महाडला जायचं, दिवसभर वर्गात बसायचं आणि सोमवारी पोलादपूरला पंचायत समितीत संगणकासमोर हजर व्हायचं. लोकप्रशासनाचं पुढचं शिक्षण मी असं घेतलं. त्यात एक विषय होता, ‘संघटनात्मक वर्तन आणि नेतृत्व’. तो काय आहे, हे मी माझ्या शेतकरी वडिलांना कधी नीट समजावू शकले नाही. "पोरगी पुढारी कसे वागतात ते शिकते," असं ते थांब्यावर लोकांना सांगत. "त्याला कॉलेज कशाला?" म्हणून लोक हसत. वडीलही हसत, पण एसटी सुटेपर्यंत तिथून हलत नसत. घरातली पहिली पदवी माझी, ती त्यांच्या अशा उभं राहण्यावर झाली.

प्रकल्पासाठी एक ग्रामसभा पाहून सरपंचांची नेतृत्वशैली ठरवायची होती. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं एक गाव मी निवडलं. तिथल्या सरपंचबाईंना मी काकी म्हणत असे.

सभेच्या दिवशी खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांवर फक्त डोंगरमाथ्यावरच्या वाडीतली माणसं बसली होती. गुरं राखणारी मोजकी घरं. नळाची योजना वाडीपर्यंत न्यायचा ठराव व्हावा म्हणून ती उतरून आली होती. उन्हाळ्यात तिथल्या बायका पार खालच्या झऱ्यावरून पाणी वाहतात.

गावातलं कोणीच नव्हतं. ग्रामसेवक मला म्हणाले, "इथे पहिली सभा भरतच नाही. माणसं कमी पडली की ती तहकूब होते आणि तहकूब सभेला संख्येची अट नसते. मग पहिलीला येतंय कोण?"

गावात तो शब्द सणाच्या नावासारखा वापरात होता. तहकूबला येतो, तहकूबला भेटू. वाडीवाल्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्यातली एक म्हातारी उठली. "मग आम्ही आलो ते कोण? माणसं नाय आम्ही?"

"हाय गो," काकी म्हणाल्या, "पण कमी हाव तुम्ही."

"कमी हाव म्हणूनच पाणी नाय."

 पुढच्या सभेत काय होणार हे काकींना ठाऊक होतं. पाइप वर गेला तर आपल्या नळाची धार बारीक होईल, अशी गावाला भीती. वाडीवाल्यांना गुरं सोडून पुन्हा उतरणं जमायचं नाही आणि गाव तो विषय पुढे ढकलणार. वाडीचे विषय आजवर असेच मागे पडले होते.

"तहकूब सभा वाडीवर ठेवा," काकी एकदम म्हणाल्या.

ग्रामसेवक चपापले. "काकी, वर चढणार कोण?"

"मी चढते. संख्येची अट नाय ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही महाडला नेतृत्व शिकते. हिला पण घेऊ. लागू दे जरा दम."

नोटीस रीतसर फळ्यावर लागली. काकी वनभोजनाला चालल्यात, अशी गावात थट्टा झाली. सभेच्या दिवशी आम्ही चढलो. प्रत्येक वळणावर काकी गुडघे धरून दगडावर बसत. "पुढच्या निवडणुकीला उभी राहिले तर मला बांधून ठेव," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. वर एका पडवीत हात वर झाले, ठराव मंजूर झाला. म्हातारीने दुधाचा चहा दिला. त्यासाठीचं पाणीही झऱ्यावरूनच आलेलं होतं, त्यामुळे तो मला पटकन पिववला नाही.

खाली उतरल्यावर गावकरी चिडले होते. "चोरून ठराव केलात!"

"नोटीस वाचायची होती," काकी म्हणाल्या. "एरवी तहकूबला तुम्ही चुकत नाय."

महाडला सरांनी विचारलं, "शैली कोणती? लोकशाहीवादी की एकाधिकारवादी? एकच लिहा." सरांना असे कितीतरी प्रकल्प तपासायचे होते. मी ‘लोकशाहीवादी’ लिहिलं आणि उत्तीर्ण झाले. वडिलांनी पेढे वाटले.

ठराव पुढे आमच्याच कार्यालयात आला आणि तांत्रिक मंजुरीसाठी थांबला. त्याला अजून कोणी हलवलेलं नाही. मी कंत्राटी माणूस, सोमवारी अभियंत्यांच्या खोलीत जाऊन विचारते, इतकंच. "बघतो," असं उत्तर मिळतं.

काकी बाजाराला आल्या की माझ्याजवळच्या बाकावर टेकतात, पिशवी पायाशी ठेवतात आणि गुडघे चोळतात. परवाही आल्या.

"काय गो, मंजुरी आज हाय की तहकूब?"

"तहकूब, काकी."

 त्यांनी पिशवी उचलली. "वाडीवर सांगायला जायला हवं."

"फोन करा ना."

"लागत नाय तिथं. आणि लागला तरी हे फोनवर सांगतात होय?"

पुढच्या रविवारी आता वर्ग नाही. मी म्हटलं, मीही येते.