पुसून आलेला घुमारा

पेटी दुरुस्त होऊन आली ती अगदी चकचकीत होऊन. पुढच्या पट्टीवर वर्षानुवर्षं बसलेले दादाच्या बोटांचे डागसुद्धा दुरुस्तीवाल्याने कसल्याशा औषधाने घासून काढले होते. काष्टी गावातल्या आमच्या स्टुडिओत मी ती जागेवर सरकवली, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. छोट्या हिरव्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली, लार्ज हॉल. पुढचं बटण दाबलं, स्मॉल हॉल. पुढचं, चर्च. मी दाबतच गेलो. दादाने दिलेलं एकही नाव त्यात उरलं नव्हतं.

ही पेटी म्हणजे डिजिटल रिव्हर्ब. स्टुडिओत भिंतींना गाद्या आणि पडदे लावून आवाज आधी पार कोरडा करून घेतात. मग असं यंत्र त्याला घुमारा देतं, आणि गाणारा मोठ्या देवळात उभा आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं. आमची गिऱ्हाइकं त्याला सरसकट इको म्हणतात. "जरा इको सोडा की," एवढंच त्यांचं सांगणं असतं. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ही पेटी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणली. तेव्हाही ती जुनीच होती.

कंपनीने दिलेले घुमारे दादाला कधी आवडले नाहीत. "ह्यातल्या एकाबी हॉलात आपलं मानूस कधी गायलंय का?" असं म्हणून तो स्वतःचे घुमारे बनवत बसायचा. कुठला आवाज किती उशिरा परतावा, किती वेळ रेंगाळावा, त्यातला चरचरीतपणा किती कापावा, हे सगळं कानाने जुळवायचं आणि नाव देऊन पेटीतच साठवायचं. एकाचं नाव 'विहीर' होतं, एकाचं 'मारुती', एकाचं 'गोडाऊन'. एक नुसताच 'आई'. आमच्या आईचा आवाज थरथरायचा, त्याला सांभाळून घेणारा. जागरण-गोंधळाच्या पार्ट्या, भजनी मंडळं, लग्नाची गाणी, निवडणुकीत टेम्पोवर वाजणाऱ्या जाहिराती, सगळ्यांना दादा त्याच्या हिशोबाने घुमारा द्यायचा. करोनात दादा गेला. स्टुडिओ माझ्याकडे आला आणि त्याचे घुमारे त्या पेटीत राहिले.

यंदा पेटीच्या एका बाजूने खरखर यायला लागली, आणि आतली बॅटरी संपत आल्याची सूचना पडद्यावर दिसायला लागली. साठवलेलं सगळं त्या गोल, रुपयाएवढ्या बॅटरीवर जिवंत असतं. ती निघाली की आतलं पुसलं जातं. म्हणून मी पेटी घेऊन नगरला गेलो आणि दुरुस्तीवाल्याला उभं राहून समजावलं, "खरखर काढा. बॅटरीला हात लावण्याआधी आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. जमत नसेल तर सांगा, मी पुण्याला नेतो."

"साहेब, रोजचंच काम आहे आमचं. आधी मेमरी काढून घेतो, मग बॅटरी. तुम्ही निश्चिंत राहा," तो म्हणाला होता. मी दोनदा विचारलं, तो दोनदा हो म्हणाला.

लार्ज हॉल बघितल्यावर मी त्याला लगेच फोन केला.

"हां, ते फॅक्टरी सेटिंग करून दिलंय. एकदम नव्यासारखं," तो म्हणाला.

"आधीचं उतरवून ठेवलंय ना?"

"त्यात काय नव्हतं हो विशेष. नुसते आकडे होते. आणि साहेब, असले रिव्हर्ब आता मोबाईलमध्ये फुकट मिळतात. मी पाठवू का लिंक?"

मी फोन ठेवला. चूक झाली असती, वायर जळली असती, पेटी हातातून पडली असती, तर मी गिळलं असतं. पण ह्या माणसाने आत काहीतरी साठवलेलं आहे हे पाहिलं, ते माझं आहे हे त्याला माहीत होतं, जपायला मी सांगितलेलं होतं. आणि तरी ते ठेवण्याजोगं नाही असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. कोणी दिला त्याला तो हक्क?

वहिनीला सांगणं सगळ्यात अवघड होतं. दादाची बायको म्हणून तर खरंच, पण ती आमच्या गावच्या महिला भजनी मंडळात पुढे गाते आणि त्या बायकांचं सगळं रेकॉर्डिंग 'गोडाऊन'वरच व्हायचं. ती शेंगा फोडत बसली होती. ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "भाऊजी, मला त्या मानसाकडं न्या."

"वहिनी, काय उपयोग आहे आता?"

"उपयोग नसू द्या. मला इचारायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नगरला गेलो. दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती. वहिनी सरळ काउंटरशी गेली. "आमच्या पेटीत माझ्या मालकांनी आवाज बनवून ठेवले हुते. ते का पुसले?"

तो माझ्याकडे बघून हसला. "ताई, तुम्हाला टेक्निकल सांगून कळणार नाही. त्यात काहीच नव्हतं."

"काईच नव्हतं, मग पुसलं काय?"

तो वायरीत काहीतरी शोधायला लागला. वहिनी हलली नाही. "भाऊजींनी सांगितलं हुतं का न्हाई तुमाला, आधी उतरवून घ्या म्हनून?"

"सांगितलं होतं. पण केबल नव्हती माझ्याकडं. उगाच मशीन अडकून पडलं असतं. तुमचंच काम लवकर व्हावं म्हणून..."

"मग केबल न्हाई म्हनायचं. परत दिली असती तर आमी नेली असती की पुन्याला. जमत न्हाई एवढं तोंडानं म्हनायला काय जड जात हुतं?"

तो सॉरी म्हणाला, पण तोंडातल्या तोंडात आणि माझ्याकडे बघून. वहिनीकडे बघून म्हणाला असता तर माझा राग थोडा तरी उतरला असता.

येताना बसमध्ये मी म्हणालो, "जुनी रेकॉर्डिंगं आहेत आपल्याकडं, पण त्यात आवाज आणि घुमारा एकत्र मुरलेले आहेत. चहातून साखर वेगळी काढता येत नाही."

वहिनी खिडकीबाहेर बघत होती. "गोडाऊन तर जागेवर हाय ना?" ती म्हणाली.

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं, की स्टुडिओच्या आधी दादा साखर कारखान्यात गोडाऊनवर होता आणि पोती उचलली गेली की रिकाम्या गोडाऊनमध्ये एकटाच गात बसायचा. लग्न नवीन होतं तेव्हा डबा द्यायला गेलेल्या वहिनीलाही त्याने तिथे गायला लावलं होतं. मला 'गोडाऊन' हे नुसतं नाव वाटत आलं होतं.

उसाचं गळीत सुरू व्हायच्या आधी गोडाऊन रिकामं असतं. दादाला ओळखणारे लोक कारखान्यात अजून होते, त्यांनी कुलूप काढून दिलं. मी रेकॉर्डर आणि फुग्यांचं पाकीट घेऊन गेलो. फुगा फोडला की जागेचा घुमारा स्वच्छ पकडता येतो. वहिनी पदर खोचून फुगे फोडत होती आणि दारात उभा असलेला वॉचमन विचारत होता, "कुनाचा वाढदिवस हाय जनू?" फट् आवाज व्हायचा, पत्र्याच्या छताला जायचा आणि सावकाश खाली उतरायचा. मग वहिनी मधोमध उभी राहिली आणि तिने एक अभंग म्हटला. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

त्यानंतरचे कित्येक दिवस मी ते रेकॉर्डिंग एका कानाला आणि पेटी दुसऱ्या कानाला लावून आकडे जुळवत बसलो. अखेर भजनी मंडळाच्या बायकांना बोलावलं. त्या गायल्या, मी ऐकवलं. त्या म्हणाल्या, "हाच की!" वहिनीने डोळे मिटून पुन्हा एकदा ऐकलं.

"जवळ हाय," ती म्हणाली. "लई जवळ हाय. पन ह्यांनी शेवटाला कायतरी मऊ केलं हुतं, ते न्हाई."

ते मऊ काय होतं, मला अजून सापडलेलं नाही. 'विहीर' करायला विहीर राहिली नाही, ती बुजवून तिथे गाळे झालेत. 'मारुती'च्या देवळात आता टाइल्स बसल्यात. आणि 'आई' कशावरून केला होता ते वहिनीलाही माहीत नाही. लोक म्हणतात, झालं ते झालं, एक तर मिळाला ना परत? नाही, तो परत मिळालेला नाही. तो मी नव्याने केला, आणि मला तो करावा लागला याचाच मला राग आहे.

मध्ये पेटीचा हिरवा पडदा अंधूक व्हायला लागला. म्हणून ती पुण्याला नेली. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या बाई म्हणाल्या, ठेवून जा, आठवड्याने या. मी नाही म्हणालो. त्यांच्याकडून एक स्टूल मागून घेतलं आणि झाकणाचा पहिला स्क्रू निघाल्यापासून शेवटचा बसेपर्यंत शेजारी बसून राहिलो. त्यांना ते आवडलं नाही हे दिसत होतं. मी उठलो नाही.