टायरची आतली कड

श्रीपाद गेल्याचं कळलं तेव्हा मी कोथरूडच्या मंडईत मेथीच्या जुड्या बघत उभा होतो. शाळेच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एका ओळीचा निरोप आला, 'आपला श्रीपाद आज पहाटे गेला, हार्ट अटॅक.' अशा वेळी मनात काय यावं यावर माणसाचा ताबा नसतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की, लेका, आपलं भांडण अजून संपलं नव्हतं. दीड वर्ष आम्ही धड बोललो नव्हतो. येत्या दसऱ्याला आपणच त्याच्याकडे जायचं, नाक मुठीत धरून का होईना, पण जायचं, असं मी ठरवलं होतं... आणि हा माणूस दसऱ्याच्या तीन आठवडे आधी निघून गेला. आज त्याला जाऊन दीड महिना झाला. राग अजून उतरलेला नाही. त्याच्यावरचाही नाही आणि स्वतःवरचाही नाही.

आम्ही दोघं नारायण पेठेत एका गल्लीत वाढलो. मी बँकेत चिकटलो आणि त्याने कोथरूडच्या एका आतल्या रस्त्यावर व्हील अलाइनमेंटचं गॅरेज टाकलं. गाडीची चाकं एकमेकांना समांतर आहेत का, कुठे आत-बाहेर झुकलीत का, हे मशीनवर बघायचं आणि सरळ करायचं, एवढंच काम. त्याने आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. दारावर पाटी होती : 'येथे गाडी सरळ करून मिळेल. मालकाची हमी नाही.' गाडी मशीनवर चढली की तो विचारायचा, "घरातून कोण कोण बसतं?" मग तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या त्या त्या सीटवर ठेवायचा आणि त्यानंतरच मापं घ्यायचा. रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट म्हणजे उपाशी माणसाच्या कमरेचं माप, असं त्याचं म्हणणं. माझ्या बायकोच्या, सुलभाच्या, जागी गोणी ठेवताना एकदा मला हळूच म्हणाला, "पासष्ट किलो धरलंय. वहिनींना बोलू नकोस." दर दसऱ्याच्या आधी मी गाडी त्याच्याकडे न्यायचो, पूजेच्या दिवशी सोनं द्यायला परत जायचो. तीसेक वर्षांत त्यात खंड नव्हता.

भांडणाचं मूळ म्हणजे खडकवासल्याच्या पलीकडे आम्ही घेतलेला जमिनीचा तुकडा. शेवटचा अर्धा किलोमीटर नुसते दगड. माझी गाडी तशी दणकट, सात माणसांची, पण खालून घासायची. एका दुकानात सांगितलं, लिफ्ट करून घ्या. स्प्रिंगच्या वर स्पेसर म्हणून धातूचं जाड कडं बसवतात, गाडी तेवढी वर उचलली जाते. मी पुढे-मागे दोन-दोन इंच उचलून घेतली. गाडी वाघासारखी दिसायला लागली. सुलभा मात्र पहिल्याच दिवशी दारापाशी थबकून म्हणाली, "अहो, आता मला चढायला स्टूल आणा." माझ्या डोक्यात हवा गेली होती. तशीच गाडी घेऊन मी श्रीपादकडे गेलो.

तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला, पुढच्या चाकांच्या मागे टॉर्च मारला आणि म्हणाला, "काढून टाक."

"अरे, अलाइनमेंट करून दे ना फक्त."

"करून देईन, पण ते राहणार नाही. चाकं वळवणारे रॉड जवळजवळ आडवे होते, ते तू तिरके केलेस. चार माणसं बसली, गाडी दबली, की चाकं पुढून फाकणार. टायर आतून खाईल."

"थोडं इकडे-तिकडे करून जमेल की."

"थोडं नावाचं माप माझ्या मशीनवर नाही."

इथवर ठीक होतं. पण तिथे दोन गिऱ्हाईकं बसली होती आणि त्यांच्याकडे बघत तो पुढे म्हणाला, "टाचा उंच करून आलेत, आता चालता येत नाही म्हणतात." ती दोघं हसली. मी म्हणालो, "तुला जमत नाही, असं सरळ सांग ना." त्याने मशीन बंद केलं, "नाही जमत," म्हणाला आणि मागच्या माणसाला म्हणाला, "आपली गाडी घ्या." माझ्याशी 'अरे-तुरे' करणाऱ्या माणसाने दुसऱ्याला 'आपली' म्हणावं आणि माझ्याकडे वळूनही बघू नये... मी दार आपटून निघालो. श्रीपादचं हेच मला कधी सहन झालं नाही. खरं बोलायचा, पण ऐकणाऱ्याला ते नाकारण्यावाचून गत्यंतर उरू नये अशा पद्धतीने बोलायचा.

पुढच्या आठवड्यात मी एका चकचकीत सेंटरमध्ये गेलो. तिथे एसी होता, कॉफी होती, गोण्या नव्हत्या. रिकाम्या गाडीची मापं घेऊन त्यांनी वीस मिनिटांत छापील कागद हातात ठेवला, सगळे आकडे हिरवे. मी त्याचा फोटो काढून श्रीपादला पाठवला. खाली काही लिहिलं नाही, लिहायची गरजच नव्हती. त्याने तो बघितल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही आणि मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढची दोन्ही टायरं काही महिन्यांत गेली. मी टायर कंपनीला शिव्या दिल्या, महापालिकेला दिल्या, आमच्या सोसायटीसमोरच्या स्पीडब्रेकरला दिल्या. नवी टायरं टाकली, परत हिरवा कागद आणला. तीन-चार महिन्यांत स्टेअरिंग पुन्हा थरथरायला लागलं. कारण मला ठाऊक होतं, पण एकदा ते कबूल केलं असतं तर त्या दोन गिऱ्हाइकांसमोर पुन्हा जाऊन उभं राहावं लागलं असतं. निदान मला तसं वाटायचं. मागचा दसरा मी त्याच्याकडे न जाता घरीच केला.

आमची शेवटची भेट ऑगस्टमध्ये झाली, आमच्याच पार्किंगमध्ये. मी खाली उतरलो तर हा माझ्या गाडीजवळ, भिंतीला हात लावून उभा. पँटला माती लागलेली.

"डावं पुढचं टायर आतून बघ," तो म्हणाला. "स्टेअरिंग पूर्ण फिरवून बघ, नाहीतर दिसणार नाही."

"बघतो."

"आज बघ."

"म्हटलं ना, बघतो."

"बरं," म्हणाला आणि निघून गेला. चहाला वर चल, एवढंही माझ्या तोंडातून निघालं नाही. संध्याकाळी वॉचमन सांगत आला, "साहेब, तुमचे ते दोस्त खाली फरशीवर बसून चाकात वाकून बघत होते. उठता येईना, मी हात दिला." श्रीपादचे गुडघे इतके गेले होते की घरच्या सत्यनारायणालाही तो खुर्चीवर बसायचा. हे मला माहीत होतं. तरीही मी टायर बघितलं नाही. का, ते आज कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मला स्वतःची लाज वाटते, एवढंच सांगतो.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो, त्याच गाडीतून. त्याची मुलगी मुग्धा आता गॅरेज बघते. निघताना ती खाली सोडायला आली, माझ्या हातातून किल्ली घेतली, स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि मला वाकायला लावलं. बाहेरून टायर नवं दिसत होतं. आतल्या कडेला रबर संपून तारा बाहेर आल्या होत्या.

"काका, काकूंना यातून फिरवता तुम्ही?"

तिने तिथेच टायर बदललं आणि गाडी गॅरेजवर नेली. म्हटलं, आता हे दोन इंच काढूनच टाक बाई, तुझा बाप बरोबर होता. ती आत गेली आणि कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात ॲल्युमिनियमचे चार स्पेसर होते. माझ्या गाडीत होते त्यांच्या निम्म्या जाडीचे. वर कागद होता, त्यावर श्रीपादच्या अक्षरात माझ्या गाडीचा नंबर.

"हे कधीचे?"

"तुमचं भांडण झालं ना, त्यानंतर चार दिवसांत बाबांनी स्वतः लेथवर कातून आणले. म्हणाले, एक इंच चालेल. रॉड फार तिरके होणार नाहीत आणि त्याचे दगडही चुकतील."

"मग सांगितलं का नाही मला?"

"फोन करणारच होते. तेवढ्यात तुमचा तो फोटो आला. नंतर मी कितीदा म्हटलं, बाबा, फोन करा. म्हणायचे, त्याच्याकडे हिरवा कागद आहे, त्याला कशाला लागतंय हे."

मी त्या रिकाम्या गॅरेजमध्ये मोठमोठ्याने बोलायला लागलो. मूर्खा, एक फोन, अर्ध्या मिनिटाचा... इंचभर माघार घेतलीस, ती घेतल्याचं सांगायला काय झालं होतं तुला? आणि मी, मी तरी काय केलं? मुग्धाने जॅक लावला, गाडी उचलली, जुने स्पेसर काढायला घेतले. मी स्टुलावर बसलो होतो, हातात एक नवं कडं. आत बसल्यावर ते कुणाच्या नजरेला पडणार नव्हतं, तरी त्याने त्याच्या सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या होत्या. मी बोट फिरवत राहिलो.

"काका, द्या ते," मुग्धा गाडीखालून हात पुढे करून म्हणाली.

तिला ते दुसऱ्यांदा मागावं लागलं.