मुठीच्या ज्वारीवर शिकलेला माणूस

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मुठीची पद्धत होती. घरची बाई भाकरीचं पीठ काढताना आधी एक मूठ ज्वारी प्रभूसाठी वेगळ्या डब्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की सगळे डबे एका पोत्यात रिते व्हायचे. त्यातून पाळकांच्या घराला धान्य मिळायचं. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडून आल्यावर सुकडी खाऊन झोपणाऱ्या घरांतूनही मूठ आली. कधी अर्धी आली, पण आली.

मी मॅट्रिक झालो तेव्हा मंडळीनं ठरवलं की मुठीतला एक वाटा माझ्या शिक्षणाला द्यायचा. निलंग्याहून एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं चढायचं आणि नांदेडला वसतिगृहाच्या खानावळीत जमा व्हायचं. माझ्या जेवणाची सोय त्यावर झाली. घराण्यातच काय, आमच्या गल्लीतही मी पहिला पदवीधर. बदल्यात कुणी काही मागितलं नव्हतं. पण मी पाळक होणार हे इतकं गृहीत होतं की सुट्टीत घरी गेलो की बाया पाणी भरता भरता हाक मारायच्या, "पाळकसाहेब, कवा आलाव?"

अडचण एवढीच की मला उपदेश करता येत नव्हता. एकदा पाळकांनी उभं केलं. मी वहीतून वाचत गेलो आणि मान वर केली तेव्हा पुढच्या तीन रांगा डुलक्या घेत होत्या. आई जागी होती. तिच्याकडे बघवलं नाही.

बी. ए. झालो त्याच सुमारास लातूर जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, खुर्च्या कमी आणि माणसं त्याहून कमी. पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीत मला हंगामी कारकुनी मिळाली. पाळकाच्या शिक्षणाचा अर्ज भरून ठेवला होता. बोलावणं येईपर्यंत काम करायचं, इतकाच विचार.

काम सोपं होतं. गावोगावचे हापसे बंद पडल्याची पोस्टकार्डं यायची, ती गावावार लावून मिस्त्रीकडे द्यायची. औरादच्या वाटेवरच्या एका गावाचं कार्ड मात्र दर पंधरा दिवसांनी यायचं. हापसा दुरुस्त व्हायचा आणि पुन्हा बंद पडायचा. शेवटी मिस्त्रीबरोबर मीच जीपमध्ये बसलो.

गावात गेल्यावर कारण लगेच कळलं. हापशाला जपायला कचेरीनं दिलेला पाना एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या माडीवर होता. त्यांनी जन्मात कधी पाणी भरलं नव्हतं. मी मिस्त्रीला म्हणालो, "गावाला नीट समजावून सांगा." तो म्हणाला, "तुमीच बोला सायेब. माझं बोलनं निस्तं लोखंडासंगं."

घागरी घेऊन बाया उभ्याच होत्या. मी विचारलं, "नट ढिला झालाय हे आधी कुणाला कळतं?"

"कुनाला कळनार? आमच्याच हाताला. दांडा डुगडुगतो की," पुढं उभी असलेली एक बाई म्हणाली.

मग मी पाना मागवून घेतला आणि तिच्याच हातात दिला. हशा पिकला. एक म्हातारी ओरडली, "सायेब, ढिला पडलेला नवरा बी आवळता यील का ह्यानं?" मी म्हणालो, "मावशी, आधी नटावर हात बसू द्या." नट कुठले, साखळीला ग्रीस कधी लावायचं, दांडा का आपटायचा नाही, हे मिस्त्री दाखवत गेला आणि मी सांगत गेलो. बाया एकमेकींना ढकलून पुढे येत होत्या. तास कसा गेला कळलं नाही. परतताना मिस्त्री म्हणाला, "सायेब, आज एक बी झोपली न्हाई." त्याला माझ्या उपदेशाची गोष्ट मीच सांगितली होती.

त्या गावचं कार्ड पुढे महिनोन्‌महिने आलं नाही. मी सुट्टीच्या दिवशीही मिस्त्रीबरोबर इतर गावं हिंडू लागलो. सकाळी प्रार्थना करताना पहिल्यांदाच मनात धास्ती नसायची. आज कोणतं गाव, एवढंच असायचं. आणि अशातच पाळकाच्या शिक्षणाचं बोलावणं आलं.

पत्र खिशात घालून मी गावी गेलो. पहिला रविवार होता. डबे रिते होत असतानाच मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं की मी जाणार नाही. प्रभूनं मला हापशाच्या कामाला लावलंय असं वाटतं.

मंडळीत मुठीचं पोतं सांभाळणारी मावशी पोत्याचं तोंड सोडून उठली. "लेकराच्या तोंडची मूठ काढून घातली रं तुला. नट आवळायला?"

आई खाली बघत होती. पाळक शांतपणे म्हणाले, "काय करतोस ते तर सांग त्यांना." मी सांगितलं. कोणत्या गावात किती बाया शिकल्या, सगळं. बोलताना लक्षात आलं, समोरच्या सगळ्या बाया ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "तितं आपल्या लोकान्‌ला बी भरू देत्यात का?" मी म्हणालो, "पाना तिथल्या गावकुसाबाहेरच्या आपल्या बाईकडं पण असतो. देतात."

मावशीनं पोत्याचं तोंड बांधलं. मग पाळकांना म्हणाली, "यालाबी प्रभूचं पाचारन म्हनत्यात का?"

"म्हणतात."

"मग ठेवा की हात त्याच्या डोक्यावर. आमची ज्वारी फुकट घालवू नगा."

आमच्याकडे प्रभूच्या सेवेला निघालेल्यावर फक्त पाळकच हात ठेवत. मी गुडघे टेकले, पाळकांनी प्रार्थना सुरू केली, आणि मग डोक्यावर दुसराही हात आला, खरखरीत आणि जड. मावशीचा. तिसरा मी न बघताच ओळखला. तो आईचा होता.