माहेर की सासर

जानेवारीतला दुसरा शनिवार, दुबई. हजर: कॉलेजच्या आइस हॉकी संघातल्या मुली, प्रशिक्षक, व्यवस्थापक म्हणून मी आणि आमचे बसचालक, मंडणगडचे तात्या.

आमचे घरचे सामने अर्धे कॅम्पसवर, अर्धे शहरातल्या मोठ्या रिंकवर होतात. म्हणून बस सुरू करण्याआधी तात्या विचारतात, "मॅडम, आज माहेर की सासर?"

आज सासर होतं. तिथे निवेदकाने आमच्या मुलींना पाहुणा संघ म्हटलं आणि त्यांचे चेहरे उतरले. एरवी मागच्या रांगेत गप्प बसणारे तात्या थेट माइकपाशी गेले. "हबीबी, मेहमान नहीं! ये सब हमारी घरवाली हैं!"

सगळे हसले. निवेदकाने चूक सुधारली. मुली ताठ मानेने बर्फावर उतरल्या आणि मलाही तात्यांचा फार अभिमान वाटला.

हिंदीत घरवाली म्हणजे बायको, हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आहे. ते अजून बाकी आहे.