टाइपरायटरच्या पोटातला आवाज

डोंगरकड्याहून हिंगोलीला जाणाऱ्या बसमध्ये मी मांडीवर टाइपरायटर घेऊन बसले होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. टायपिंगच्या परीक्षेला तेव्हा मशीन आपलं आपण न्यावं लागे. क्लासच्या सरांनी सरावासाठी ते माझ्या घरी दिलं होतं आणि मायनं ते वाकळीत असं गुंडाळलं होतं, की बघणाऱ्याला आत तान्हं लेकरू वाटावं. वजन मात्र लेकराचं नव्हतं. माझ्या मांड्या बधिर झाल्या होत्या. कचेरीत मी तात्पुरती लागले होते. साहेबांनी साफ सांगितलं होतं, या खेपेला पास झालात तर कायम, नाहीतर नमस्कार.

गाव मागे पडलं आणि मशीन वाजायला लागलं. खड्डा आला की खुळ्ळ, वळण आलं की खुळखुळ. ऐन पेपरात एखादं अक्षर अडकलं तर नोकरी गेलीच!

वाकळ सोडली आणि फुकटचे डॉक्टर गोळा झाले. बैलबाजाराला निघालेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मशीनला कान लावला आणि म्हणाले, "ह्याच्या पोटात काही तरी गेलंय." मागच्या बाकावरच्या शिंप्याला तेलाची कमतरता दिसली. तो पिशवीतून बुधली काढूही लागला, तेव्हा मी इतकी जोरात ओरडले की पुढची माणसं वळून बघायला लागली. मग कंडक्टरचा संशय माझ्या शेजारणीवर गेला. ती तांड्यावरची बाई, मनगटापासून दंडापर्यंत बांगड्या ल्यालेली.

"तुमच्या बांगड्याच वाजून राहिल्या असतील, मावशी."

बाईनं हसत दोन्ही हात वर धरले आणि पुतळ्यासारखी बसली. पुढचा खड्डा आला. खुळ्ळ!

"आता बोल," ती म्हणाली. सगळी बस हसली. मला मात्र रडू येत होतं आणि त्या सगळ्यांचा रागही येत होता.

इंजिनाच्या घरघरीत आवाज नेमका कुठून येतोय ते कळेना. शेवटी मी उठून ड्रायव्हरला म्हणाले, "दोन मिनिटं इंजिन बंद करता का?"

"काहून?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "बंद करतो, बाई, पण मग ही धक्का मारल्याबिगर उठायची न्हाई." आणि माझ्या तोंडाकडे बघत त्यानं गाडी बाजूला घेऊन किल्ली फिरवली.

बस गप्प झाली. कुणी खोकलंसुद्धा नाही. शिंप्यानं रडणाऱ्या एका पोराच्या हातात पेरू दिला. मी कागदाचा रूळ डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, काही नाही. मग वरच्या ओळीपासून एकेक अक्षर दाबत आले. टक. टक. टक. खालच्या ओळीत "स" दाबला तर तो अर्ध्यातच थांबला आणि आतून बारीक खुळ्ळ आलं. बाबांनी आणि कंडक्टरनं मशीन तिरपं धरलं, शेजारणीनं खाली पदर पसरला, मी "स" दाबून हलवत राहिले. पदरात टपकन पडलं ते शर्टाचं पांढरं बटण! वाकळ माझ्या वडिलांच्या जुन्या शर्टांची होती. मायनं ती शिवताना बटणं काढायचा कंटाळा केला होता.

"बराबर! पोटातच गेलं व्हतं!" म्हातारे बाबा ओरडले आणि सगळ्यांकडून शाबासकी वसूल करू लागले.

ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. कुणी काही न सांगताच सगळे भराभर उतरले. मीही मशीन बाकावर ठेवून उठले, तर ड्रायव्हर दटावून म्हणाला, "तुमी बसा. आज तुमच्या बोटांचं काम हाय. हातबित मुरगळला तर?"

मी एकटी आत बसले. मागून शिंपी, म्हातारे बाबा, कंडक्टर, ती तांड्यावरची बाई, सगळ्यांनी मिळून "होऽऽ" करून जोर लावला आणि बस हळूहळू सरकू लागली. माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यातलं एकही माणूस माझ्या ओळखीचं नव्हतं.

हिंगोलीला मी धापा टाकत वर्गात शिरले तेव्हा घंटा होतच होती. पर्यवेक्षकांनी विचारलं, "मशीन नीट तपासून आणलंय ना?"

"हो सर," मी म्हणाले, "अख्ख्या गाडीनं तपासलंय."